सुभेदार रामजी सकपाळ : केवळ बाबासाहेबांचे वडील नव्हेत

अमरावती-अकोल्यातल्या वस्त्या-वस्त्यांत १४ एप्रिलला जल्लोष असतो. २ फेब्रुवारी मात्र अनेक विहारांत शांतपणे निघून जातो. तो सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. त्यांची ओळख बहुतेकदा बाबासाहेबांचे वडील एवढ्यावरच थांबते. आम्हाला वाटते, त्यांचे स्वतःचे कार्यही तरुणांपुढे यायला हवे.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील मालोजी लष्करात होते. लष्करात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेने नाकारलेली अक्षरे महार कुटुंबांना छावणीत मिळाली. रामजी तिथेच शिकले आणि पुढे १४ वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिले. सुभेदाराच्या हाती खडू होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

१८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. रोजगारासोबत शिक्षणाची वाटही बुजली. त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागणाऱ्यांत रामजी होते.

निवृत्तीनंतर खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे त्यांनी कॅशियरची नोकरी केली. दुष्काळग्रस्तांसाठी पाण्याची सोय करणाऱ्या कामाचा हिशेब ते ठेवत होते आणि त्यांना भेटायला निघालेल्या त्यांच्याच लेकरांना वाटेत कुणी पाणी दिले नाही. जातीचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

पुढे मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत संसार होता. पेन्शन तुटपुंजी, तरी भीमरावांना पुस्तक हवे असले की रामजी लेकींकडे जात, त्यांचे दागिने गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून आणत. त्या लेकींचाही या इतिहासात वाटा आहे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला रवाना झाले. १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. वडिलांनी अर्ज केले, मुलाने हक्क मागितला.

आज आपल्याकडे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी अडलेली मुले आहेत. मिरवणुकीच्या वर्गणीतला एक हिस्सा विहारातल्या अभ्यासिकेला द्या. येत्या २ फेब्रुवारीला तिथे पुस्तकांचे एक कपाट उभे राहिले, तर ते सुभेदारांना खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!