नाण्यावरचा राजा : गौतमीपुत्र सातकर्णी



खिशातलं एक नाणं काढा आणि नीट बघा. त्यावर सारनाथचे सिंह आहेत. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही त्यावरून कळतं की हे सरकारचं नाणं. दोन हजार वर्षांपूर्वीचे राजेही हेच करत. रोमचे सम्राट कांस्याच्या नाण्यांवर आपला चेहरा उमटवत. आपल्याकडे ही ताकद ओळखली ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने.

त्याच्या आधी नाशिक परिसर क्षहरात घराण्यातल्या नहपानाच्या ताब्यात होता. नहपानाचा चेहरा असलेली चांदीची नाणी बाजारात फिरत होती. गौतमीपुत्राने त्याला हरवलं, पण लोकांच्या हातातला चेहरा कसा बदलायचा? त्याने ती नाणी वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपल्या नावाचा आणि कमानींच्या डोंगराचा ठसा मारला. 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला 13,000 हून जास्त नाणी सापडली, त्यांतली 9,000 हून जास्त अशी ठसा मारलेली होती. काहींवर नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा अजून डोकावतो!

आपल्या यवतमाळचा याच्याशी काय संबंध? शेजारच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळा इथे 1939 साली सातवाहनांची सुमारे 1,600 नाणी मिळाली. ती चांदीची नाहीत, तर तांब्याच्या मिश्रधातूची, रोजच्या व्यवहारातली. त्यांवर राजाचा चेहरा नाही, सोंड उंचावलेला हत्ती आहे.

राजाच्या मृत्यूनंतर त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यात लेख कोरून घेतला. त्याच्या राज्यात विदर्भ होता, तो न्यायानेच कर घेई आणि आईची आज्ञा पाळी, असं त्यात सांगितलं आहे. त्याच लेण्यात आणखी एक नोंद आहे. राजाने भिक्षूंना दिलेलं शेत पडीक राहिलं, गाव ओस पडलं; म्हणून त्यांना दुसरी जमीन द्यावी लागली. नाण्यावर राजा कायम जिंकलेलाच दिसतो, पडीक शेत मात्र नाण्यावर येत नाही.

मुलांना इतिहास शिकवताना एवढं जरूर करा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासायला लावा. चित्र उमटलं की विचारा, हे कोणी काढायला लावलं? आणि यात काय दाखवलेलं नाही? हा दुसरा प्रश्न विचारायची सवय लागली, की मूल पुढे जाहिरात आणि पोस्टरही डोळे उघडे ठेवून बघेल.