उत्क्रांती मानणाऱ्या फादरला चर्चने चीनला धाडलं, आणि तिथे त्यांची गाठ पडली आदिमानवाशी

डार्विन विरुद्ध चर्च म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. एकीकडे शास्त्रज्ञ, दुसरीकडे पाद्री. पण अंगात पाद्र्याचा झगा आणि हातात जीवाश्म शोधायची हातोडी असलेला एक माणूसही होऊन गेला. पिएर तेयार द शार्दां.

१ मे १८८१ ला फ्रान्समध्ये जन्म. १८९९ मध्ये ते जेझुइट संघात गेले. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज सुरू करणारा हाच संघ. १९११ मध्ये ते फादर झाले. पहिल्या महायुद्धात बंदूक न उचलता त्यांनी स्ट्रेचरवरून जखमी सैनिक वाहिले. नंतर भूशास्त्रात डॉक्टरेट आणि पॅरिसच्या कॅथलिक इन्स्टिट्यूटमध्ये प्राध्यापकी. सगळं सुरळीत चाललं होतं.

गडबड झाली एका टिपणामुळे.

गंमत म्हणजे, डार्विनचं १८५९ चं गाजलेलं पुस्तक व्हॅटिकनच्या बंदी यादीत कधीच नव्हतं. माणसाचं शरीर हळूहळू घडलं, इथपर्यंत ऐकून घेणारे कॅथलिकही होते. घोडं अडायचं ते आदाम आणि हव्वेपाशी. चर्चच्या शिकवणीनुसार या पहिल्या जोडप्याने पाप केलं, ते साऱ्या मानवजातीत उतरलं आणि त्यातून सोडवायला येशू आला. पण माणूस जर लाखो वर्षांत, समूहासमूहाने घडला असेल, तर पहिलं जोडपं कुठलं? आणि जोडपंच नसेल, तर ते पाप कुणाचं? तेयार यांनी यावर खासगीत लिहिलेलं टिपण रोमला पोहोचलं.

१९२५ मध्ये चर्चची शिकवण मान्य असल्याच्या कागदावर त्यांच्याकडून सही मागितली गेली. त्यांनी ती दिली. तरी प्राध्यापकी गेली आणि १९२६ मध्ये त्यांची रवानगी चीनला झाली.

आता या प्रश्नापासून एखाद्याला लांब ठेवायचं, तर याहून चुकीची जागा सापडली नसती. १९२९ मध्ये बीजिंगजवळ झौकौदियनला पेई वेनझोंग या तरुण संशोधकाला 'पेकिंग मॅन'ची कवटी मिळाली. त्या उत्खननात भूशास्त्राची बाजू पाहणाऱ्यांमध्ये तेयार होते! १९३५ मध्ये भारतात येऊन ते नर्मदेच्या खोऱ्यातले थरही तपासून गेले.

चीनमध्येच त्यांनी आपलं मुख्य पुस्तक लिहिलं. उत्क्रांती हीच देवाची काम करायची पद्धत आहे आणि ती जाणिवेच्या दिशेने वर चढतेय, अशी त्याची मांडणी. रोमने छापायला परवानगी नाकारली. १९४८ मध्ये ते स्वतः रोमला गेले, तरीही नकारच. १९५० मध्ये पोप पायस बारावे यांनी शरीराच्या उत्क्रांतीवर चर्चेला मुभा दिली, पण आदामचा मुद्दा सोडला नाही.

तेयार यांनी ना मत बदललं, ना संघ सोडला. फक्त आपल्या लिखाणाचे हक्क पॅरिसमधल्या सेक्रेटरीच्या नावावर करून ठेवले.

१० एप्रिल १९५५, ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी पुस्तक बाजारात आलं आणि तुफान खपलं. शास्त्रज्ञांनीही सोडलं नाही. पीटर मेडावर यांनी १९६१ मध्ये त्याची सालटी काढली, विज्ञानाच्या नावाखाली शब्दांचा धूर आहे म्हणून. पुढच्याच वर्षी व्हॅटिकनने तेयार यांच्या लिखाणापासून सावध राहायचा इशारा दिला.

न्यूयॉर्क राज्यात जेझुइटांच्या ज्या आवारात त्यांना पुरलं, ती जागा संघाने पुढे विकली. तिथे आता शेफ घडवणारं कॉलेज आहे. कबर अजून तिथेच आहे.