झीज ओळखणारा माणूस

घसारा हा शब्द मी बँकेत लागल्यावर शिकलो. शेतीकर्जाच्या प्रकरणात इंजिन, पंप, चरक असं काही तारण असलं की त्याची किंमत दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी खाली आणायची. काही वर्षांनी ती कागदावर जवळजवळ शून्य झाली की यंत्र संपलं असं धरायचं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. तपासणीला मळ्यात गेलो की आमच्या हिशेबाने कधीच संपलेली इंजिनं कृष्णाकाठी खुशाल धडधडताना दिसायची. मालकाला विचारलं तर तो सांगे, दोन वेळा बेअरिंग बदललं, एकदा आतली रिंग, बाकी सगळं मूळचंच. कागदावरचा घसारा सबंध यंत्राला सारखा लागतो. लोखंडातला घसारा मात्र जागा निवडून लागतो, हे मला तिथे कळलं.

ही गोष्ट ज्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली आणि तिच्यावर एक गाव उभं केलं, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचं नाव आपल्याकडे उद्योगपती म्हणून घेतात. घराघरांतल्या आजीबाईंना ते 'स्त्री' आणि 'किर्लोस्कर' मासिकांमुळे ठाऊक असतं. मला त्यांच्यातला झीज ओळखणारा माणूस अधिक जवळचा वाटतो, आणि त्याच्याविषयीच आज लिहायचं आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. त्यामुळे त्या एका लहानशा गावाने महाराष्ट्राला नाटकही दिलं आणि नांगरही दिला, असं म्हणायला हरकत नाही. लक्ष्मणरावांचा ओढा चित्रकलेकडे होता. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते दाखलही झाले. पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत, हे तिथे लक्षात आलं. चित्रकाराला याहून वाईट बातमी ती कोणती! रंग गेले, रेषा राहिली. मग ते यंत्रांची रेखाचित्रं काढायला शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून जागा दुसऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या जोडीने सायकलींचं दुकान होतं. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव १८८८ पासूनचं, आणि ते या दुकानाचं. सायकल तेव्हा नवलाची वस्तू. विकायची, चालवायला शिकवायची आणि बिघडली की दुरुस्तही करायची.

सायकलचा धंदा केलेल्या माणसाला एक गोष्ट न शिकवता कळते. सायकलची साखळी सैल पडते तेव्हा आपण ती ताणली गेली असं म्हणतो. खरं तर लोखंड ताणलं जात नाही. साखळीच्या प्रत्येक दुव्यातली खीळ थोडी थोडी झिजते आणि ती सगळी झीज बेरजेने लांबीत दिसते. लांबलेली साखळी मग दातेरी चाकाचे दात खाते. अशा खाल्लेल्या चाकावर नवी कोरी साखळी चढवली तर ती उड्या मारते आणि लवकर खराब होते. बदलायची तर दोन्ही बदला, नाहीतर वेळीच साखळी बदलून चाक वाचवा.

माझा एक भाचा चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत यंत्रं सांभाळायचा. मागे एका लग्नात पंगतीला शेजारी बसला तेव्हा त्याने खाणीतली जी हकिगत सांगितली, ती शब्दाशब्दाला हीच होती. जमिनीखाली कोळसा ओढून नेणारा साखळीचा कन्व्हेअर असतो. त्याची साखळी माणसाच्या मनगटाएवढी, पण आजार सायकलचाच. सांगाडा टिकतो, मोटर टिकते. मरतात ते शक्ती पोचवणारे भाग, म्हणजे साखळी, दातेरी चाक, गिअर, बेअरिंग. त्यांना ओझं मोठं, वेग कमी, आणि भोवती चोवीस तास दगडाची भुकटी. तेलात ती भुकटी शिरली की तेल वंगण राहत नाही, पॉलिश पेपर होतं. म्हणून ही मंडळी तेल गाळतात, तपासतात, सील जपतात. एका बाजूने झिजलेलं दातेरी चाक उलटं बसवून त्याची दुसरी बाजू वापरतात. ऐकताना मला सारखी आठवण येत होती ती गुऱ्हाळाच्या चरकाची.

चरकाकडे येतोच, पण आधी नांगर. सायकलींनंतर भावांनी कडबा कापण्याची यंत्रं केली आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. आज आपण या समजुतीला हसतो, पण शेतकऱ्याच्या नकाराला दुसरीही बाजू असली पाहिजे असं मला वाटतं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. फाळ बोथटला तर लोहाराच्या भात्यावर शेवटून आणता येत होता. बलुतं ठरलेलं. लोखंडी नांगराचं काही बिघडलं तर जायचं कोणाकडे? नवी वस्तू घेताना आमच्याकडे कर्ज मागायला येणारा शेतकरीही पहिला प्रश्न किमतीचा विचारत नसे. पार्ट मिळतात का, हा त्याचा पहिला प्रश्न असे.

नांगराचं सगळं मरण त्याच्या टोकात असतं. कृष्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या रानातून हरळी आणि कुंदा मुळासकट काढायचा तर नांगर खोल घालावा लागतो, चार-चार, सहा-सहा बैल जुंपावे लागतात. ती सगळी ओढ शेवटी फाळाच्या बोटभर टोकावर येते. टोक मऊ असलं तर ते चार दिवसांत गोटा होतं. कठीण केलं तर खडकावर आपटून तुकडा पडतो. सुरुवातीच्या नांगरांची टोकं मऊ पडत, ही लक्ष्मणरावांपुढची खरी अडचण होती. विषाची समजूत काळाने गेली असती. मऊ टोक काळाने कठीण होत नाही.

यावरचा उपाय जगात नवा नव्हता. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओतलं की सावकाश निवतं आणि थोडं नरम राहतं. पण साच्यात जिथे कठीण पृष्ठभाग हवा तिथे वाळूऐवजी थंड लोखंडाचा ठोकळा बसवला, तर तापलेला रस त्याला टेकताक्षणी झटकन गोठतो आणि तेवढा थर काचेसारखा कठीण होतो. आतला भाग सावकाश निवतो, म्हणून तो धक्का सोसतो. वर कठीण कातडी, आत सोशिक गाभा. शिवाय फाळाची खालची बाजू कठीण आणि वरची नरम ठेवली, तर वरची आधी झिजते आणि धार आपोआप राहते. झीज थांबवता येत नाही, पण तिला कामाला लावता येते, अशी ही मोठी गमतीदार युक्ती. आज खाणीतल्या यंत्रांच्या गिअरचे दात पोलादाचे असतात, त्यांना भट्टीत कर्ब पाजून मग कठीण करतात. प्रक्रिया वेगळी, पण कातडी आणि गाभ्याचा विचार तोच.

युक्ती माहीत असणं वेगळं आणि बेळगावसारख्या गावात, हाताखाली शिकाऊ माणसं घेऊन, रोज ती एकसारखी उतरवणं वेगळं. रस किती तापवायचा, कोणतं बीड घ्यायचं, ठोकळा केवढा ठेवायचा, हे दर वेळी भट्टीपुढेच ठरतं. ते जमलं, आणि त्याबरोबर दुसरी गोष्ट जमली, जिचं मोल मला बँकवाला म्हणून जास्त वाटतं. एकाच नमुन्यावरून ओतलेलं टोक त्या जातीच्या कोणत्याही नांगराला बसायचं. बोल्ट काढायचा, टोक बदलायचं, औत पुन्हा चालू. नांगर म्हातारा होण्याचं कारणच उरलं नाही.

धंद्याला जरा बरे दिवस येत होते, तोच कारखान्याच्या जागेवर नवी वस्ती वसवायची म्हणून बेळगावातून उठावं लागलं. तेव्हा धावून आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, तेच सूर्यनमस्कारवाले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. त्या संस्थानचे तुकडे मात्र दूरदूर विखुरलेले होते आणि त्यातला एक कुंडलजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात होता. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली, बिनव्याजी कर्जही दिलं. (आमच्या बँकेत असं प्रकरण मंजूर करून घ्यायचं तर किती सह्या लागल्या असत्या, हा विचार मनात येतोच.) जमीन कसली, निवडुंग आणि साप! १९१० च्या मार्चमध्ये तिथे तंबू पडले आणि किर्लोस्करवाडी सुरू झाली. गावाची आखणी, पाणी, शाळा, स्वच्छता हे रामूअण्णांनी पाहिलं. यंत्रं लक्ष्मणरावांनी.

वाडीत नांगरापाठोपाठ ऊस पिळायचे लोखंडी चरक होऊ लागले. आता तो चरक डोळ्यांपुढे आणा. बैल संथ फिरतात, लाट उसाला दाबते, एका लाटेचे दात दुसरीला फिरवतात. वेग कमी, ओझं प्रचंड, आणि भोवती रस, चिपाडं, धूळ. खाणीतल्या गिअरबॉक्सची ही उघड्यावरची बहीणच. कऱ्हाड-वाळवा भागात गुऱ्हाळ लागलं की ते रात्रंदिवस चाले. मध्येच चरकाचा दात तुटला तर तोडलेला ऊस वाळतो, काढलेला रस आंबतो, चुलवणापुढची माणसं बसून राहतात आणि पुढच्या शेतकऱ्याची पाळी चुकते. एका दाताची किंमत त्या रात्री अख्ख्या फडाएवढी असते. म्हणून सुटा भाग जवळच्या गावात मिळणं, आणि दातांना वंगण घालायची आठवण मालकाला राहणं, हे यंत्राइतकंच महत्त्वाचं होतं. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. पुढे तिचं साहित्याचं मासिक झालं आणि 'स्त्री', 'मनोहर' आली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा जन्म मात्र नांगर-चरकांच्या घरातला.

पहिल्या महायुद्धात परदेशी कच्चं बीड आणि कोळसा मिळेना. शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, अशी हकिगत कोल्हापूरकडे आजही सांगतात. १९२६ च्या सुमारास वाडीत पंप तयार होऊ लागले, आणि वाळूमिश्रित पाण्याने आतलं चाक झिजण्याचा नवा खेळ सुरू झाला.

झिजेचा हिशेब किती काटेकोर असू शकतो, याचा माझा सर्वांत आवडता दाखला १९२९ चा आहे. गांधीजींच्या प्रेरणेने चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अटी वाचून बँकेतल्या माणसाने टोपी काढावी. आठ तासांत सोळा हजार वार सूत, किंमत दीडशेच्या आत, यंत्र वीस वर्षं चाललं पाहिजे, आणि झिजलेले भाग बदलण्याचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे दीडशे रुपयांच्या यंत्राला वर्षाला साडेसात. वीस वर्षांचे दीडशे. यंत्राच्या जन्मभरातली झीज यंत्राच्या किमतीएवढीच, त्याहून एक पैसा जास्त नाही! किर्लोस्करवाडीत काळे नावाच्या कारागिराने खपून एक चरखा केला आणि तो परीक्षेला गेला. बक्षीस त्याला मिळालं नाही. दुसऱ्या कोणालाही मिळालं नाही. अट सोपी नव्हतीच. मला तरी त्या पाच टक्क्यांच्या अटीत नांगराच्या बदलत्या टोकाचं शहाणपण दिसतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून, एम.आय.टी.तून १९२६ साली इंजिनिअर होऊन आले आणि कारभार वाढत गेला. हरिहर, पुणे, बंगळूर इथे कारखाने निघाले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत वाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जळलेलं पुन्हा उभं राहिलं, तेही त्यांनी पाहिलं. २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले. वाडी तेव्हा दक्षिण सातारा जिल्ह्यात होती. सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० मध्ये मिळालं.

बैलांचे ते नांगर आता बहुतेक ठिकाणी गोठ्यामागे टेकून ठेवलेले असतात. ट्रॅक्टरच्या नांगराजवळ बसून कधी पाहा. त्याचं टोक सुटं असतं, बोल्टाने बसवलेलं, आणि पुष्कळदा दोन्हीकडून वापरता येणारं. एक बाजू झिजली की शेतकरी पाना घेतो, टोक फिरवतो आणि पुन्हा सरीला लागतो.