हरणाऱ्या संघाचा वॉल्टर

बेसबॉलचा सामना मी कधी पाहिलेला नाही. तरी वॉल्टर जॉन्सनने मला वेड लावले. कॅन्ससमधील शेतकऱ्याचा हा मुलगा १९०७ साली वॉशिंग्टनच्या संघात पिचर झाला. संघ तळाशीच असे. १९०९ मध्ये तब्बल ११० पराभव. त्यांतले २५ वॉल्टरच्याच खात्यावर! १९१४ च्या अखेरीस त्याने शिकागोच्या संघाशी करार केला, हे मला खटकले. (अर्थात पैशाची निकड मीही घरी पाहिली आहे.) पण लवकरच तो परतला. १९२४ च्या जागतिक मालिकेत आधी दोन सामने तो हरला. सातव्या, निर्णायक सामन्यात नवव्या डावापासून पुन्हा चेंडू त्याच्याच हाती. छत्तीस वर्षांच्या वॉल्टरने चार डावांत एकही धाव दिली नाही. बाराव्या डावात वॉशिंग्टन जिंकले. पुढे १९२७ पर्यंत तो तिथेच खेळला; १९४६ मध्ये वारला.