राखणदाराचा वाटा : उमाजी नाईकांची गोष्ट

दर वर्षी ३ फेब्रुवारीला पुण्याच्या खडकमाळ आळीत, जुन्या मामलेदार कचेरीच्या आवारात माणसं जमतात, हार घालतात. १८३२ साली याच तारखेला तिथं उमाजी नाईकांना फाशी झाली. इंग्रजांविरुद्ध उठलेला पहिला क्रांतिवीर म्हणून त्यांचं नाव सगळ्यांच्या कानावर आहे. पण हा माणूस मूळचा कोण? गडाची आणि गावाची राखण करणाऱ्या घरातला. आज आपण ज्याला होमगार्ड म्हणतो, ग्रामरक्षक दलाचा जवान म्हणतो, त्याच्याच कामाच्या जवळचं हे काम. म्हणून पोलीस पाटील, सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी ही गोष्ट या बाजूनंही एकदा पाहावी.

उमाजी नाईकांचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ चा, पुरंदर तालुक्यातल्या भिवडी गावचा. वडील दादोजी खोमणे पुरंदर किल्ल्याच्या राखणीवर होते. घराणं रामोशी, कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. वडील लवकर गेले आणि पोरवयातच घरची जबाबदारी अंगावर आली.

त्या काळी रामोशी म्हणजे काय, हे समजून घेतलं पाहिजे. रात्रभर गावाला जागल घालायची, खळ्यावरची रास राखायची, परका माणूस गावात आला तर पाटलाला खबर द्यायची. चोरी झाली की माग काढायचा. पावलांच्या खुणा बघत बघत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत माग नेऊन पोचवला, की पुढची जबाबदारी त्या गावच्या रामोशाची. पण माग आपल्याच शिवारात जिरला, तर चोरीचं नुकसान रामोशानं स्वतः भरून द्यायचं, असा रिवाज होता. एवढी जोखीम अंगावर घ्यायची, त्याच्या बदल्यात मिळायचं काय? सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा आणि थोडी जमीन. गडावरच्या राखणदारांना गडाखालच्या गावांत जमिनी असत. पगार नव्हता, पण हक्क ठरलेला होता. त्यावर घर चालायचं.

हा हक्कच पुढं मोडला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुरंदरची राखण रामोशांच्या हातून काढून घेतली गेली, त्याबरोबर जमिनीही गेल्या. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि किल्ले इंग्रजांकडे आले. गडच लढाईचे राहिले नाहीत, मग गडकरी कशाला पोसायचे, असा नव्या सरकारचा हिशेब. खर्च वाचला, कागदावर तो बरोबरही दिसला असेल. पण पिढ्यान् पिढ्या हत्यार चालवणारे, डोंगराची प्रत्येक वाट ठाऊक असणारे हजारो हात रिकामे झाले, त्यांनी खायचं काय, याचा विचार त्या हिशेबात नव्हता. त्यात १८२५ साली पावसानं दगा दिला. पीक नाही म्हणजे खळं नाही आणि खळं नाही म्हणजे वाटाही नाही.

१८२६ च्या सुमारास पुरंदर, सासवड, भोरच्या डोंगरात रामोशांचा उठाव पेटला. उमाजी नाईक त्याचे पुढारी झाले. तुरुंगाची हवा त्यांनी आधीच खाल्ली होती आणि तिथंच लिहा-वाचायला शिकले होते. सावकार लुटले, सरकारी खजिने लुटले, वाटसरूंनाही उपद्रव झाला. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरी गावोगावच्या गरिबांनी त्यांना भाकरी दिली, आसरा दिला. डोंगराच्या वाटा माहीत नसलेल्या फौजेला ते काही सापडेनात.

शेवटी सरकारनं काय केलं, ते महत्त्वाचं आहे. माफी दिली आणि याच लोकांना डोंगरी भागाच्या बंदोबस्ताला चाकरीवर घेतलं. काहींना जमिनीही दिल्या. म्हणजे जे काम त्यांच्याकडून काढून घेतलं होतं, तेच फिरून त्यांच्या हाती द्यावं लागलं. उमाजी नाईकही काही काळ या चाकरीत होते. पण एकमेकांवरचा भरवसा उडाला होता, तो काही परत बसला नाही. थोड्याच काळात ते पुन्हा डोंगरात गेले. १८३१ साली त्यांनी जाहीरनामा काढून इंग्रजी अंमलच झुगारला, गावच्या पाटलांना सारा सरकारात भरू नका म्हणून फर्मावलं. सरकारनं मोठं इनाम लावलं, आपल्यातलीच माणसं फितूर झाली आणि १५ डिसेंबर १८३१ ला भोरजवळच्या उत्रोळीत ते पकडले गेले. पुढं दीड महिन्यात फाशी. वय जेमतेम चाळीस.

त्यांना पकडण्याच्या मोहिमेवर असलेला कॅप्टन मॅकिन्टॉश यानं रामोशांविषयी एक पुस्तक लिहिलं, ते १८३३ साली छापलं गेलं. पण ज्यांनी गावं राखली त्यांच्या नशिबी उलटंच आलं. पुढं गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं त्यांच्यावर चोराचा शिक्का मारला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. आज हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे, तो त्यामुळंच.

आता आपल्याकडं येऊ. होमगार्ड दल मुंबई इलाख्यात डिसेंबर १९४६ मध्ये सुरू झालं. निवडणूक असो, गणपती असो की जत्रा, बंदोबस्ताला पोलिसांच्या बरोबरीनं हे जवान उभे असतात. भत्ता मात्र ज्या दिवशी बोलावणं त्याच दिवसाचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली हिमाचल प्रदेशातल्या होमगार्डांच्या प्रकरणात सांगितलं, की कामाच्या दिवसांचा भत्ता निदान पोलिसाच्या किमान पगाराच्या हिशेबानं पडला पाहिजे. त्यांना कायम नोकर मानलं नाही, पण कामाचं मोल मान्य केलं.

माझ्या कामाच्या गावांत असे जवान आहेत. बहुतेक शेतकऱ्याचीच पोरं. वाफसा आलेला असतो, पाभर जुंपायची असते आणि नेमका त्याच दिवशी बंदोबस्ताचा निरोप येतो. पेरणी घरच्या बाईवर टाकून ती जातात. भत्ता किती द्यायचा हे गावाच्या हातात नाही, कबूल. पण जत्रेत उभ्या जवानाला सावली, पाणी, वेळेवर जेवण देणं गावाच्या हातात आहे. तो बंदोबस्ताला गेला की त्याच्या रानात दोन पाळ्या घालून देणं भावकीच्या हातात आहे. भत्ता थकला तर ग्रामसभेत ठराव करून वर पाठवणं सरपंचाच्या हातात आहे.

जुन्या गावगाड्यात पुष्कळ खोट होती. पण खळ्यावरून रास घरी नेण्याआधी राखणदाराचा वाटा बाजूला काढायचा, एवढं त्याला कळत होतं. तो वाटा बंद झाल्यावर काय झालं, ते पुरंदरच्या डोंगरानं पाहिलेलं आहे.