कै. सवाई गंधर्व : आठ वर्षांची अट

हुबळी-धारवाडच्या संगीताचा विषय निघाला की आपल्याकडील जुन्या घरांतून आजही कै. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे नाव आदराने घेतले जाते. नगरसंस्थांनी कलावंतास कोणत्या अटींवर नोकरीस ठेवावे आणि सार्वजनिक सभागृहे कोणत्या कामास द्यावीत, याचा खल हल्ली गावोगाव चालतो. मी दरबारी गवयाचा मुलगा आणि पेशाने गायनशिक्षक. तेव्हा हे दोन्ही प्रश्न माझ्या पोटापाण्याचे आहेत. त्यांचा विचार करताना मला रामभाऊंचे चरित्र आठवते.

रामभाऊंचा जन्म १९ जानेवारी १८८६ रोजी कुंदगोळ येथे झाला. हुबळीजवळचे हे गाव तेव्हा जमखंडी संस्थानात मोडत असे. शिक्षणासाठी ते हुबळीच्या लॅमिंग्टन शाळेत जात. पण ओढा गाण्याकडे. बळवंतराव कोल्हटकरांकडे त्यांनी धृपदे व तराणे घेतले. १८९८ साली कोल्हटकर निवर्तले आणि पुढे त्यांना गुरू लाभले ते अब्दुल करीम खांसाहेब. बडोद्याची दरबारी चाकरी सोडून आलेल्या या थोर गवयाने आठ वर्षे जवळ राहून शिकण्याची अट घातली, असे सांगतात.

ही अट कठोर वाटेल. पण तिच्यामागे विद्येचाच हिशेब होता. रामभाऊंचा आवाज जन्मतः गोड किंवा लवचीक नव्हता. मैफलीतही तो तापायला वेळ लागे. असा गळा सुरात आणायचा तर एकेका स्वरावर महिनोन्‌महिने घालवावे लागतात.

पुढे गुरूंच्या मनाविरुद्ध रामभाऊ नाटक मंडळीत गेले. त्यांची सुभद्रा गाजली आणि अमरावतीस दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हणून गौरविले. नाटक मंडळीत पगार ठरलेला असे, तसा तो थकतही असे. रंगभूमीने रामभाऊंना कीर्ती दिली खरी. पण त्यांचे नाव टिकले ते रंग उतरविल्यानंतरच्या खयाल गायनाने आणि शिष्यांनी. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला तालमीस येत. भीमसेन जोशी तर गुरुगृही राहून पाणी भरण्यापासूनची कामे करीत शिकले.

शेवटी अर्धांगवायूने रामभाऊंचे गाणे थांबविले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी ते गेले. १९५३ पासून पुण्यात भीमसेनांनी त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला. हुबळीत त्यांच्या नावाचे सभागृह उभे राहिले आणि कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात त्यांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणे होऊ लागले.

गुरुगृही पाणी भरण्याचे दिवस परत यावेत, असे मी म्हणणार नाही. शिकणाऱ्यालाही घरदार असते. परंतु एका संस्थेत अकरा महिन्यांच्या करारावर मी शिकविले आहे. मुलांचा षड्ज कुठे स्थिर होतो न होतो, तोच करार संपे. नवा होईल की नाही, हे कोणी सांगत नसे. दर वर्षी शिक्षक बदलला की मुलगा पुन्हा पहिल्या पलट्यावर येतो. ज्या विद्येला आठ वर्षे लागतात, तिच्या शिक्षकाला निदान तेवढ्या मुदतीची हमी नको काय?

सभागृहांचेही तसेच आहे. भाडे देईल त्याला जागा, हा नियम हिशेबाला सोपा खरा. पण मग लग्ने आणि विक्रीची प्रदर्शनेच सारे दिवस घेतात. नगरसंस्थांनी महिन्यातले दोन दिवस तरी माफक भाड्यात गाण्यासाठी राखावेत. कलावंताचे नाव दारावर कोरणे सोपे आहे. कुंदगोळकरांनी खाजगी वाड्याचे दार सर्वांसाठी उघडून जे साधले, ते लोकांच्या पैशाने बांधलेल्या सभागृहात साधणे अवघड जाऊ नये.