नारायण मेघाजी लोखंडे आणि जखमी कामगाराचा हक्क

दिवाळी सरली की कळंब तालुक्यातील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात आणि त्यांची मुले आमच्यासारख्या निवासी शाळांच्या वसतिगृहांत राहतात. हंगाम संपून पट्टा पडला की पालक परततात. पण काही जण बोट गमावून, पाय मोडून येतात. औषधोपचाराचा खर्च कोणी द्यायचा, असे विचारले की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे. अंगावरची उचल मात्र तशीच राहते. कामावर झालेल्या दुखापतीची जबाबदारी कोणाची, हा वाद नवा नाही. सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत तो ज्यांनी जाहीरपणे उभा केला, त्या रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. त्यांचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षण पुरे होताच त्यांनी नोकरी धरली. रेल्वे आणि टपाल खात्यांत काही काळ काढल्यावर ते मुंबईतील मांडवी येथल्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे कामगारांचे जिणे त्यांना जवळून दिसले. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुटी नाही, पगाराचा दिवस निश्चित नाही आणि कामावर घेणे किंवा काढणे जॉबरच्या मर्जीवर. आपल्याकडील टोळीचा मुकादम आणि गिरणीतला जॉबर यांच्यातील साम्य सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी लोखंडे घडले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र अडचणीत आले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस नेले आणि अखेरपर्यंत चालविले. शेतकरी व कामगार यांची गाऱ्हाणी या पत्रातून मांडली जाऊ लागली.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे आणि अपघाताची खबर सरकारास द्यावी, असे त्यात होते. परंतु ज्याचा हात पट्ट्यात सापडला त्याच्या घरची चूल कशी पेटावी, याविषयी तो कायदा मुका होता. १८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंडे यांनी २३ व २६ सप्टेंबर रोजी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगास देण्यात आले.

त्यात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत मिळावा. आणि कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद करावी. ही पाचवी मागणी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. मालकाने दया येऊन हातावर चार रुपये ठेवावेत, अशी याचना तीत नव्हती. ज्या कामातून मालकास नफा होतो, त्या कामातील इजेचा भारही त्यानेच उचलावा, हा न्याय तीत होता.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची विश्रांती यांस कायद्याचा आधार दिला. पाचवी मागणी मात्र तशीच राहिली.

बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनचे अध्यक्ष असलेले लोखंडे केवळ गिरणीपुरते राहिले नाहीत. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिकांचा संप घडवून आणला. १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर त्यांनी राणीच्या बागेत ऐक्यासाठी सभा भरविली. प्लेगच्या साथीत ते रुग्णसेवेत उतरले आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. परळच्या सभेपासून तोवर चाळीस वर्षे लोटली होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेस चालना दिली. प्रा. अदारकर यांच्या त्या योजनेतूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आकारास आला. बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले होते. लोखंडे हे त्याच परंपरेतील मधला दुवा होत.

१९२३ च्या कायद्यातील चार तत्त्वे आमच्या पालकांनी ध्यानात ठेवावीत. मध्ये कंत्राटदार असला, म्हणून मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही. भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. आपसांतील तडजोड त्या कायद्याप्रमाणे आयुक्तांकडे नोंदवावी लागे. आणि त्या कायद्यात दाव्यास दोन वर्षांची मुदत होती. ऊसतोडीचा मालक कोण, याविषयी आजही वाद घातला जातो. म्हणूनच अपघात होताच त्याची लेखी खबर द्यावी, दवाखान्याची कागदपत्रे जपावीत, साक्षीदारांची नावे टिपून ठेवावीत आणि न वाचता अंगठा देऊ नये.

येथेच आमच्या माजी विद्यार्थ्यांचे कर्तव्य सुरू होते. आज आपल्यापैकी कोणी वकील आहे, कोणी शिक्षक, तर कोणी कार्यालयात लिपिक. टोळीतला एखादा बाप मोडका पाय घेऊन गावी परतला, तर त्याचा अर्ज लिहून देण्यास आपल्यापैकी एकाने तरी त्याच्या दारी जावे. पाच हजारांवर सह्या गोळा करणाऱ्या त्या स्टोअरकीपरचे स्मरण याहून चांगले कसे होणार? लोखंडे यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.